बाकावरच्या गोलकीपरसाठी गोव्याला

अमरावतीहून कोल्हापूरला जाऊन आले असं सांगितलं की आमच्याकडे तीन प्रश्न ठरलेले असतात. देवीचं दर्शन झालं का, चपला आणल्या का आणि तिकडचा रस्सा झेपला का. मी तिन्हींना नुसती मान हलवते आणि विषय बदलते, कारण खरं सांगायची सोय नाही. देवळात मी घाईघाईत डोकावले, चपला घ्यायच्या राहूनच गेल्या, उतरले होते जैन कुटुंबात म्हणून रश्शाचा प्रश्न आला नाही, आणि उरलेला सगळा वेळ मी फुटबॉल बघण्यात घालवला. तोही अशा खेळाडूचा, जो खेळत नव्हता.

सुनंदा मगदूम ही माझी पुण्याच्या वसतिगृहातली मैत्रीण. तेव्हाही ती सूर्य मावळायच्या आत जेवायची आणि मेस उघडायची सूर्य मावळल्यावर, त्यामुळे तिला घरून दशम्यांचे डबे येत. त्यातल्या निम्म्या दशम्यांवर मीच वाढले. "ये, ये" म्हणत ती गेली कित्येक वर्षं मला बोलावत होती. या वेळी मात्र तिचा आवाज वेगळा होता. "अभीची शेवटची मॅच आहे गं. तू ये. मला एकटीला बघवायचं नाही."

अभी म्हणजे अभिनंदन, तिचा मुलगा. तो गोलकीपर आहे.

कोल्हापूर, चौकातला फलक

स्टेशनवरून घरी येताना चौकात एक भला मोठा फलक दिसला. त्यावर अभीचा गोलकीपरच्या वेषातला फोटो, वर 'पेठेची शान, देशाची जान', आणि खाली शुभेच्छुक म्हणून निदान तीस चेहरे, काही गॉगल लावलेले. आमच्याकडे फलक निवडणुकीला लागतात आणि दहीहंडीला. इथे माणूस परीक्षा पास झाला, गाडी घेतली, दवाखान्यातून सुखरूप घरी आला, तरी फलक लागतो. हा हंगामाच्या सुरुवातीला लावलेला. उन्हानं अभीचे हातमोजे गुलाबी झाले होते आणि शुभेच्छुक तेवढे ताजे होते. नंतर कळलं, मधे काही जणांनी आपले फोटो नव्यानं चिकटवून घेतले होते.

दुपारच्या जेवणात खपली गव्हाची खीर होती. दुसरी वाटी संपवताना सगळी हकीकत कळली. देशातल्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगमधल्या, ईशान्येकडच्या एका संघानं अभीला गेल्या वर्षी करारावर घेतलं. पेठेत हलगी वाजली. अभीचे वडील, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांना मात्र हे मुळीच पसंत नव्हतं. मार्केट यार्डात त्यांचं बियाणांचं आणि खतांचं दुकान आहे. 'मगदूम आणि मुलगा' अशी पाटी त्यांनी अभी पाळण्यात असतानाच रंगवून घेतली होती. शेवटी बापलेकांचा तह झाला. अण्णांचे शब्द सुनंदानं मला जसेच्या तसे ऐकवले: "एक सीझन जा. त्यात एक तरी सामना खेळून दाखव, मग पुढचं बोलू. न्हाय तर गप दुकानात येऊन बसायचं." अभीनं शब्द दिला.

आणि पूर्ण हंगाम तो बाकावर बसून राहिला. त्याच्या पुढे एक अनुभवी गोलकीपर होता, आणि तो प्रत्येक सामना खेळत होता.

"त्या माणसाला साधी सर्दी होत नाही," सुनंदा म्हणाली. "कुणाचं वाईट चिंतायचं नाही हे आमच्या रक्तातच. म्हणून मी रोज एवढंच म्हणते, त्याला जरा विश्रांती मिळू दे."

संघाला अभी पुढच्या वर्षीही हवा होता. शेवटच्या सामन्यानंतर सांगतो, असं त्यानं कळवलं होतं. तो शेवटचा सामना रविवारी गोव्यात होता. त्यात मैदानात पाऊल पडलं नाही तर अभी दुकानात येणार, आणि दिलेला शब्द तो मोडणार नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. सुनंदाला खरी भीती त्याचीच होती.

अण्णा जेवून उठले, हात धुतले आणि मला म्हणाले, "पावणं, अमरावतीकडं तूर कशी काय यंदा?" फुटबॉलचा विषय त्यांच्यापुरता तिथे संपला.

तालमीत

आमच्याकडे व्यायामशाळा म्हटलं की मल्लखांब आणि लेझीम. कोल्हापुरात तालीम म्हणजे आधी कुस्ती होती, आता फुटबॉलचा संघ. अभीची तालीम जुनी विहीर पेठेची. तिथे मारुतीच्या मूर्तीशेजारी सामन्यांत जिंकलेल्या ढाली मांडलेल्या आणि मारुतीच्या पायाशी एक शिवलेला चेंडू, शेंदूर लावून. तालमीचा रंग तांबडा आणि पांढरा. रश्शावरून घेतलेला नाही, असं मला दोघांनी वेगवेगळं शपथेवर सांगितलं, तेव्हा संशय आला.

तिथे संभामामा भेटले. मूळचे गोलकीपर, आता रसवंतीचे मालक. अभीला पहिल्यांदा गोलात उभं करणारे हेच. त्या संध्याकाळी अभीच्या संघाचा शेवटून दुसरा सामना होता आणि तालमीच्या भिंतीवर पडदा लावला होता. मी मधोमध बसायला गेले तर मामांनी हात केला.

"पावणं, हिकडं कडंला बसा. तितनं बाक नीट दिसतुय."

"बाक?"

"मग? तुमी काय मॅच बघायला आलाय व्हय?"

पुढचा दीड तास मी जे पाहिलं ते कुठल्याच देशात कुणी पाहिलं नसेल. चेंडू पडद्यावर इकडून तिकडे जात होता आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. चित्र बाकाकडे वळलं की एका दमात शिट्ट्या. अभी तीन सेकंद दिसायचा, कधी गुडघ्यावर हात ठेवून, कधी पाण्याची बाटली घेऊन. चित्र पुन्हा मैदानात गेलं की त्या तीन सेकंदांची चर्चा सुरू.

"पाठ कशी ताठ ठेवलीया बगा. गडी तयार हाय."

"वाळलाय पर. तिकडं खायला काय घालत न्हाईत वाटतं."

"ए बाबा, क्यामेरा फिरव की! त्या बाजूला काय हाय? नुस्ता बॉल हाय!"

सामना कोण जिंकलं ते मला घरी येऊन सुनंदाच्या फोनवर बघावं लागलं.

स्टेडियम आणि म्हशी

शनिवारी मामा आम्हाला गावातल्या स्टेडियमवर घेऊन गेले, जुनी विहीर विरुद्ध वरची आळी. वरच्या आळीचा रंग निळा. दोन्ही पेठांमध्ये चालत पाच मिनिटांचं अंतर आहे, पण सामन्याच्या आठवड्यात इकडची सून तिकडच्या माहेरी जात नाही म्हणे.

तिथे माझ्या हातून एक चूक झाली. वरच्या आळीच्या एका पोरानं तिघांना चकवून सुरेख चाल केली आणि मी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे चांगलं दिसलं की वाजवतात. माझ्या पुढच्या तीन ओळी एकदम मागे वळल्या. मामा उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "अमरावतीच्या हायेत. त्यांना म्हाईत न्हाय." लोकांनी मला माफ केलं, पण नंतर शेंगदाणे माझ्यापर्यंत आले नाहीत.

दुसऱ्या सत्रात गॅलरीतून ओरडा सुरू झाला, "सात नंबरला काढ! सात नंबरला काढ!" खाली मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या प्रशिक्षकानं वर पाहिलं, जरा वेळ दुर्लक्ष केलं, पुन्हा वर पाहिलं आणि सात नंबरला काढलं. मी थक्क झाले.

"कोच लोकांचं ऐकतो?" मी मामांना विचारलं.

"न ऐकून सांगतुय कुणाला? पेठंतच ऱ्हातुय की. सकाळी दूध आणायला भाईर पडायचं हाय का न्हाय त्याला?"

दुधाचं म्हणाल तर ते संध्याकाळी मीही प्यायले. भर शहरात रस्त्याच्या कडेला म्हशी ओळीनं उभ्या, समोर धार काढतात आणि फेसाळतं दूध तिथेच हातात देतात. मी तापवलेलं नाही म्हणून कुरकुरले. दूधवाल्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तापवायचं कशाला? म्हशीनं तापवूनच दिलंय की." दूध खरंच कोमट होतं. मी मुकाट्यानं पेला रिकामा केला आणि मिशी पुसली.

निघताना

रविवारी पहाटे तालमीपुढे टेम्पो ट्रॅव्हलर उभी होती. चालवणारा इस्माईल, तोही तालमीचाच. सुनंदानं एक मोठं खोकं आणलं होतं. अभीनं त्याच्या संघाच्या अस्सल जर्सी पाठवल्या होत्या, सगळ्यांना पुरतील एवढ्या. मामांनी खोकं उघडलं आणि साप दिसल्यासारखं मिटलं.

"वैनी, हे निळं हाय."

"संघाचा रंगच निळा आहे हो मामा."

"आसंल. पर निळा वरच्या आळीचा. मी मेलो तरी निळं आंगावर घालणार न्हाय. चौकातनं गाडी जाणार हाय, कोण बगितलं तर?"

गाडीभर लोकांनी माना हलवल्या. खोकं मागच्या सीटखाली गेलं आणि सगळेजण तालमीच्या तांबड्या-पांढऱ्या जर्सीत चढले. मलाही एक मिळाली. ती माझ्या दुप्पट होती.

गाडी सुटणार एवढ्यात अण्णा आले. पांढरा सदरा, टोपी, काखेत बियाणांच्या माहितीपत्रकांची पिशवी.

"म्हापशाला एक व्यापारी हाय, त्याच्याकडं काम हाय," ते कुणाकडेच न बघता म्हणाले. "गाडी तिकडंच निघालीया, म्हणून येतुय. मला मॅचशी काय देणंघेणं न्हाय."

रविवारी कुठला व्यापारी दुकान उघडं ठेवतो, हे गाडीत कुणी विचारलं नाही. एरवी कुठल्याही विषयावर मोठ्यानं मत देणारी ती माणसं एकदम खिडकीबाहेर बघायला लागली. मला ते फार आवडलं.

राधानगरीवरून खाली

बिद्रीच्या आसपास ऊस भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागली आणि आम्ही तिच्या मागे सापडलो. कारखान्याचा गोडसर, आंबूस वास गाडीभर पसरला. मामा खिडकीतून प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला "सरक की रं, मॅच हाय!" असं सांगत होते आणि प्रत्येक जण मान वळवून "कुणाची?" असं विचारत होता. मग मामा सांगत बसायचे. त्यामुळे ट्रॅक्टर जितके सरकायचे त्याच्यापेक्षा आम्हीच जास्त थांबलो.

राधानगरीला चहा. हॉटेलवाल्यानं जर्सी बघून चौकशी केली आणि त्याचा चेहरा खुलला. "म्हंजे त्यो बाकावरचा? आमच्या पोरास्नी लई आवडतुय त्यो." सुनंदानं चहाचा कप खाली ठेवला. तिला हसावं की रडावं कळेना. हॉटेलवाल्यानं पैसे घेतले नाहीत, वर शंभर वेळा "आज खेळंल बगा" म्हणाला. अण्णा बाहेर उभे राहून भाताच्या खाचरांकडे बघत होते. ते आत येईनात म्हणून मीच त्यांचा चहा बाहेर नेऊन दिला.

मी कॉलेजात भूगोल शिकवते. सह्याद्रीचा कडा मी फळ्यावर एका रेषेत उतरवते आणि "पश्चिमेकडे उतार तीव्र" असं बिनधास्त सांगते. दाजीपूरच्या जंगलातून पुढे जाऊन घाटात शिरलो तेव्हा तो तीव्र उतार माझ्या पोटाला कळला. वर हवा गार, झाडी दाट. खाली कोकणात पाऊल ठेवलं आणि अंगावर ओलं गरम फडकं टाकल्यासारखं झालं. पुढच्या वेळी ते वाक्य सांगताना मी जरा सबुरीनं घेणार आहे.

गोवा, गेट

गेटवरच्या रखवालदारानं सुनंदाचा डबा अडवला. आत खाण्याचं काही न्यायचं नाही. सुनंदानं समजावलं की ती सूर्य मावळायच्या आत जेवते, सामना पाच वाजता सुरू होतो आणि संपेपर्यंत सूर्य बुडालेला असतो. रखवालदारानं आकाशाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि तोडगा काढला. डबा त्याच्यापाशी राहील, मध्यंतराला आम्ही दोघींनी येऊन इथे उभ्यानं जेवायचं.

मग त्यानं आमच्या जर्सी पाहिल्या आणि हसून उजवीकडचा रस्ता दाखवला. "तुमची ती बाजू."

ती बाजू उत्तम होती. सावली, मैदान अगदी जवळ, आणि जिकडेतिकडे तांबडं-पांढरं. झेंडे तांबडे-पांढरे, लहान मुलांचे गाल तांबडे-पांढरे. मामांना भरून आलं. "बगा, आपला रंग हितं बी चालतुय!" मला वाटतं गाडीतल्या सगळ्यांत आधी ते माझ्या लक्षात आलं. गोव्याच्या संघाचा रंग तांबडा-पांढरा होता. आम्ही अभीच्या विरुद्ध संघाच्या पाठीराख्यांत, त्यांच्याच वेषात येऊन बसलो होतो. पलीकडे, उन्हात, मूठभर निळे लोक होते.

मी मामांच्या कानात सांगितलं. त्यांनी पलीकडे पाहिलं, आपल्या छातीकडे पाहिलं आणि खाली बसले. "आसू दे. निळ्यात जाऊन बसण्यापरास हे बरं."

आमच्या शेजारी आंतोन नावाचे एक म्हातारे गृहस्थ मोठा ढोल घेऊन बसले होते. कोल्हापूरहून आलो म्हटल्यावर त्यांनी मामांना मिठीच मारली. "आमच्या टीमसाठी इतक्या लांबून? देव बरें करूं!" गोडबोलेपणा मामांना जमत नाही आणि खोटं बोलायलाही जमत नाही, त्यामुळे ते फक्त घाम पुसत राहिले.

मध्यंतरापर्यंत एक-एक अशी बरोबरी होती आणि अभी बाकावर होता. आम्ही दोघी गेटवर गेलो. भाकरी, मुगाची उसळ, शेंगदाण्याची चटणी. रखवालदारानं चटणी चाखली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि पुन्हा हात पुढे केला. सुनंदाला घास उतरत नव्हता. "विजू, चाळीस-पंचेचाळीस मिनिटं राहिली," ती म्हणाली. "पोरगा वर्षभर घरापासून लांब राहिला, न समजणारी भाषा शिकला, आणि आता परत येऊन युरियाची पोती मोजणार. दुकान वाईट नाही गं. पण तो तिथे बसला की मला रोज हा बाकच दिसेल." मी तिला आणखी एक भाकरीचा तुकडा दिला आणि तो तिनं खाल्ला.

अभ्याला घाला

दुसऱ्या सत्रात मामांचा धीर सुटला. गावच्या स्टेडियमवर जे करायचं तेच त्यांनी इथे केलं. उभे राहिले, हाताचा कर्णा केला आणि गरजले, "अभ्याला घाला!" गाडीतले सगळे उठले. "अभ्याला घाला! अभ्याला घाला!" निळ्या संघाचा प्रशिक्षक परदेशी माणूस. त्याला पेठेत राहायचं नव्हतं आणि सकाळी दूध आणायचं नव्हतं. त्यानं मान वळवली नाही.

आंतोननी ढोल थांबवला. "हा अभ्या आमचा कोण?"

मामांचा नाइलाज झाला. "तुमचा न्हाय. त्यांचा हाय. त्यो बाकावर बसलाय त्यो."

"मग तुम्ही इथे कसे?"

"रंग आमचाच हाय की."

आजूबाजूचे दहा-बारा तांबडे-पांढरे चेहरे आमच्याकडे वळले. मला वाटलं, आता शेंगदाण्यांवर भागत नाही. मग सुनंदानं पुढे होऊन शांतपणे सगळं सांगितलं. बाक, हंगाम, वडिलांना दिलेला शब्द. वडील ते तिकडे, ओळीच्या टोकाला, टोपीवाले. अण्णा तेव्हा माहितीपत्रक उघडून बसले होते आणि ते उलटं धरलेलं होतं.

आंतोननी विचार केला. "एक पण मॅच नाही?" मग त्यांनी मागे वळून आपल्या माणसांना कोकणीत काहीतरी सांगितलं, आणि मला म्हणाले, "बदली कीपर आला तर आमचाच फायदा. नाही?" असं म्हणून त्यांनी ढोलावर टिपरू हाणलं. "अभ्या! अभ्या!"

आणि गोव्याची ती अख्खी बाजू विरुद्ध संघाच्या राखीव गोलकीपरच्या नावानं ओरडायला लागली. बाकावरच्या एका उंच पोरानं दचकून मागे पाहिलं. त्यानं मामांना पाहिलं, आईला पाहिलं, आणि ओळीच्या टोकाला त्याची नजर थांबली. तो मान खाली घालून बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी बांधलेलीच होती.

सामना संपत आला होता तेव्हा ते घडलं. निळ्या संघाचा गोलकीपर चेंडू अडवायला झेपावला आणि उठताना मांडी धरून बसला. स्नायू आखडला होता. सुनंदानं माझा दंड पकडला. "मी विश्रांतीच मागितली होती गं! एवढंच मागितलं होतं!" तो लंगडत बाहेर आला, हसत होता, फारसं लागलं नव्हतं, तेव्हा कुठे तिची पकड सुटली.

अभी उठला. हातमोजे घातले. पंचानं पाटी वर केली आणि तो पळत गोलाकडे गेला. त्या क्षणी आमच्या गाडीतल्या माणसांचं काय झालं ते लिहायला मला जमणार नाही. मामा, ज्यांचा आवाज म्हणजे तालमीची अर्धी मालमत्ता, एक अक्षर बोलत नव्हते. ते रडत होते. मीही रडले. मला ऑफसाइड म्हणजे काय ते अजून कळत नाही, पण मी रडले.

त्यानं एक चेंडू झेलला, साधाच. आम्ही विश्वचषक जिंकल्यासारखे ओरडलो. मग त्यानं आपल्या पुढच्या धिप्पाड गड्यांना हातवारे करत, ओरडून जागेवर लावलं, आणि ते मुकाट्यानं सरकले. अण्णा कधी उभे राहिले ते मला कळलं नाही. पिशवी खाली पडून बियाणांचे कागद पायऱ्यांवर पसरले होते. "ओरडतुय की," ते स्वतःशीच म्हणाले. "ह्यो दुकानात गिऱ्हाइकाला मोठ्यानं भाव सांगत न्हाय, आणि हितं ओरडतुय."

आणि शेवटच्या मिनिटाला गोल झाला. कोपऱ्यातून आलेला चेंडू, गर्दी, कुणाचं तरी डोकं, अभीची झेप, बोटांपासून वीतभर अंतर. सगळीकडून तांबडं-पांढरं उसळलं, ढोल वाजला, आणि मधे आमची तांबडी-पांढरी ओळ तेवढी खाली बसलेली. आंतोनना ते दिसलं. त्यांनी ढोल वाजवायचा थांबवला आणि मामांच्या पाठीवर हात ठेवला.

आमच्या ओळीत एकच माणूस उभा होता.

"पाच नंबर झोपला हुता," अण्णा मोठ्यानं म्हणाले. "आमच्या पोराची काय चूक न्हाय ह्यात."

अण्णांच्या आयुष्यातलं फुटबॉलबद्दलचं हे पहिलं मत होतं, आणि मामांच्या म्हणण्याप्रमाणे ते बरोबर होतं.

सामना संपल्यावर अभी कठड्यापाशी आला. आईचा हात धरला, मामांच्या पायाशी वाकायचा प्रयत्न केला, पण मधे कठडा होता. मग वडिलांकडे पाहून म्हणाला, "अण्णा, तुम्ही आलात?"

"म्हापशाला काम हुतं."

"झालं का?"

"झालं." तेवढ्यात संघाच्या लोकांनी अभीला हाक मारली. पुढच्या वर्षी राहणार की नाही, ते त्याला उद्या दुपारपर्यंत संघाला कळवायचं होतं.

घाटात

रात्री एका धर्मशाळेत मुक्काम करून सकाळी परत निघालो आणि गाडी सुरू होताच वाद सुरू झाला. अभी सामना खेळला, की नाही खेळला? शब्द एका सामन्याचा होता. शेवटची काही मिनिटं म्हणजे सामना धरायचा का?

"मैदानात पाय पडला म्हंजे खेळला!"

"गोल खाल्ला की! न खेळता गोल खाता येतुय व्हय?"

"लगीन पाच मिन्टात लागतंय. मग काय लगीन झालं न्हाय म्हणायचं?"

आमच्याकडे असा वाद असता तर दोघं बोलले असते आणि बाकीचे ऐकत बसले असते. इथे सगळे बोलत होते आणि ऐकणारी मी एकटी. घाटाच्या अर्ध्यात इस्माईलनं गाडी कडेला घेतली, कारण त्यालाही मत होतं आणि वळणावर ते मांडता येईना. सगळे खाली उतरले. खाली कोकण धुक्यात, वर झाडी. रस्त्याच्या कडेला ती तांबडी-पांढरी पंचायत भरली. फक्त अण्णा बाजूला एका दगडावर बसून होते.

शेवटी मामांनीच त्यांना विचारलं. आवाज खाली आणून विचारलं. "अण्णा, शब्द तुमचा हाय. तुमीच सांगा. सामना धरला, का न्हाय?"

अण्णांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"न्हाय," ते म्हणाले.

सुनंदानं दरीकडे तोंड फिरवलं. मला इतका राग आला की त्यांच्या घरची खपलीची खीर मी विसरून गेले.

"धा मिन्टाला सामना म्हणत्यात व्हय?" अण्णा म्हणाले. "मी कुणाला आर्धं पोतं देऊन पुऱ्या पोत्याचं बिल केलं न्हाय आजवर. आणि पोराचं तसं करू? पुरा सामना खेळायला पायजे. पयल्या शिट्टीपास्नं शेवटच्या शिट्टीपातूर." ते उठले आणि गाडीकडे चालायला लागले. "तवर दुकानाची पायरी चढायची न्हाय म्हणावं. पुढल्या साली जा, खेळ, आणि मग ये. सांगा त्याला."

हे सगळ्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग मामांनी इस्माईलला असं काही ढकललं की तो जवळजवळ दरीत गेला. सुनंदानं फोन काढला. घाटात रेंज नव्हती. "गाडी काढ! वर चल! रेंज बग!" म्हणत सगळे एकमेकांच्या पायांवर पाय देत चढले, आणि गाडी घाट चढायला लागली. प्रत्येक जण आपापला फोन खिडकीबाहेर धरून बसला होता.

दाजीपूरच्या अलीकडे रेंज आली. सुनंदा नंबर शोधतेय तोवर पुढच्या सीटवरून अण्णांचा आवाज आला. त्यांचा फोन आधीच लागला होता.

"अभी, मी अण्णा बोलतुय," ते म्हणाले. पलीकडून तो काहीतरी विचारत होता. अण्णांनी दोनदा घसा साफ केला आणि हात मागे करून फोन सुनंदाकडे दिला.